थरांतून घडणारे चित्र : हाताने रेखाटलेले स्क्रीनप्रिंट आणि त्याचे ‘मूळ’पण

नागपुरात स्क्रीन प्रिंटिंग म्हटले की बहुतेकांना लग्नपत्रिका, मंडळाचे टी-शर्ट, कापडी पिशव्या आणि दुकानांचे स्टिकर आठवतात. महाल-इतवारीकडच्या गल्ल्यांमध्ये या कामाची सवय जुनी आहे, आणि गिऱ्हाईकाने दिलेल्या मजकुराच्या हव्या तितक्या प्रती स्वच्छ काढून देणे हीच त्या कामाची कसोटी असते. म्हणूनच एखाद्या चित्रप्रदर्शनात काचेमागे स्क्रीनप्रिंट दिसले, त्याच्या खालच्या कडेला पेन्सिलीने 7/30 असे लिहिलेले आढळले आणि त्याची किंमत कानावर आली, की मनात रास्त शंका येते. प्रती तीस असतील, तर ही ‘मूळ’ कलाकृती कशी? आणि मग खरे मूळ चित्र कोणाकडे आहे?

ते कोणाकडेही नाही, कारण तसे चित्र कधी काढलेलेच नसते. हाताने रेखाटून थरांनी छापलेल्या स्क्रीनप्रिंटमध्ये चित्रकाराकडे काही कच्ची रेखाटने असतात, काळ्या शाईने रंगवलेल्या काही फिल्म असतात आणि रंगांविषयीचे काही अंदाज असतात; पूर्ण रंगीत चित्र मात्र शेवटचा थर कागदावर उतरतो तेव्हाच पहिल्यांदा अस्तित्वात येते. ज्याची नक्कल करावी असे काही आधी नसल्यामुळे त्या तीस कागदांपैकी एकालाही नक्कल म्हणता येत नाही. हे नीट पटायचे असेल, तर ते चित्र तयार कसे होते हे थोडे तपशिलात पाहावे लागते.

स्क्रीन म्हणजे काय

रांगोळीचा पत्र्याचा छापा सर्वांच्या परिचयाचा आहे. भोके असतील तिथून रांगोळी खाली पडते आणि पत्रा असेल तिथे ती अडते. स्क्रीनचे तत्त्वही एवढेच आहे. पण छाप्याला एक मर्यादा असते. पत्र्यातून ‘व’ हे अक्षर कापायचे ठरवले, तर अक्षराच्या पोटातला तुकडा सुटा होऊन पडून जातो, म्हणून त्याला बारीक पट्ट्यांनी धरून ठेवावे लागते आणि त्या पट्ट्यांच्या खुणा रांगोळीत दिसतात. जपानमधल्या कापड छापणाऱ्या कारागिरांनी कागदी छाप्यांचे असे सुटे भाग रेशमाच्या धाग्यांनी धरून ठेवण्याची युक्ती काढली होती. चौकटीवर जाळीच ताणून बसवली आणि जिथून शाई जायला नको तेवढी छिद्रे बुजवली, तर ही अडचण मुळातच उरत नाही, कारण प्रत्येक सुटा तुकडा जाळीला चिकटून जागच्या जागी राहतो. चौकटीवर ताणलेली अशी जाळी म्हणजेच स्क्रीन. इंग्लंडमधील मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी 1907 मध्ये रेशमी जाळीच्या अशा छपाईचे पेटंट घेतले. आज रेशमाची जागा पॉलिस्टरने घेतली आहे.

जाळी किती दाट घ्यायची, यावर बरेच काही ठरते. जाळीचा नंबर म्हणजे एका सेंटिमीटरमधील धाग्यांची संख्या. 43 नंबरच्या जाळीतून शाई भरपूर उतरते आणि थर जाड बसतो, म्हणून ती कापडासाठी आणि मोठ्या सपाट आकारांसाठी बरी पडते. कागदावरच्या बारीक रेषेसाठी 90 किंवा 120 नंबरची जाळी घेतात. 120 नंबरच्या जाळीत एका धाग्यापासून पुढच्या धाग्यापर्यंतचे अंतर साधारण 0.083 मिलिमीटर भरते, आणि त्याहून सूक्ष्म ठिपका त्या जाळीवर टिकून राहील अशी अपेक्षा करण्यात अर्थ नसतो.

हे तंत्र बराच काळ पाट्या, झेंडे आणि कापड यांच्यासाठीच वापरले जात होते. अमेरिकेत मंदीच्या काळात सरकारने कलावंतांना काम देणारी योजना सुरू केली, तिच्या अंतर्गत 1938 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अँथनी वेलोनिस यांच्या पुढाकाराने स्क्रीनप्रिंटचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, आणि चित्रकारांनी हे साधन स्वतःच्या चित्रांसाठी गांभीर्याने हाती घेतले. व्यापारी छपाईपासून वेगळेपण दाखवण्यासाठी अशा चित्रांना ‘सेरिग्राफ’ म्हटले जाऊ लागले. पुढे 1962 पासून अँडी वॉरहॉल यांनी छायाचित्रावरून केलेले स्क्रीन वापरून या माध्यमाला प्रसिद्धी मिळवून दिली; पण त्यांचा मार्ग छायाचित्राचा होता, आणि या लेखाचा विषय हाताच्या रेषेचा आहे.

सगळे रंग काळ्यातच

चित्रकार प्रथम कागदावर एक मार्गदर्शक रेखाटन करतो. त्यावर अर्धपारदर्शक पॉलिस्टर फिल्म ठेवून तो पहिल्या रंगाचा भाग रेखाटतो, मग दुसरी फिल्म ठेवून दुसऱ्या रंगाचा, आणि असेच पुढे. जितके थर, तितक्या फिल्म. नव्याने पाहणाऱ्याला यातली एक गोष्ट विचित्र वाटते : या सर्व फिल्म काळ्याच असतात. पिवळ्या रंगाची फिल्मही काळी आणि निळ्या रंगाचीही काळी, कारण फिल्मचे काम रंग दाखवण्याचे नसून प्रकाश अडवण्याचे असते.

जाळीवर प्रकाशसंवेदी इमल्शनचा, म्हणजे उजेड लागला की कडक होणाऱ्या लेपाचा, पातळ थर देऊन तो अंधाऱ्या किंवा पिवळ्या मंद उजेडाच्या खोलीत वाळवतात. वाळलेल्या स्क्रीनला फिल्मची रेखाटलेली बाजू अगदी घट्ट टेकवून अतिनील किरण असलेला प्रकाश देतात. जिथे प्रकाश पोहोचतो तिथले इमल्शन कडक होते. काळ्या रेषेखाली मात्र ते मऊच राहते आणि नंतर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन जाते. म्हणजे चित्रकाराने जिथे काळे केले तिथे जाळी मोकळी होते आणि तिथूनच शाई उतरते. प्रकाश कमी पडला तर धुताना सगळेच इमल्शन बुळबुळीत होऊन निघू लागते. जास्त झाला तर नाजूक रेषा बुजतात. म्हणून प्रत्येक नव्या इमल्शनसाठी, एकाच फिल्मचे पट्टे कमी-जास्त वेळ उघडे ठेवून, योग्य वेळ आधी तपासून घेतात. आपल्याकडे काही ठिकाणी स्क्रीन थेट उन्हात धरण्याचीही रीत आहे. ती स्वस्त आहे यात शंका नाही, पण मे महिन्यातले नागपूरचे ऊन आणि ऑगस्टमधले ढगाळ आभाळ यांचे माप एक नसते, त्यामुळे पाच-सहा थरांचे काम उन्हाच्या भरवशावर करू नये असे मला वाटते.

इमल्शनला करडा रंग कळत नाही, हा या माध्यमातला सर्वांत कठीण आणि सर्वांत रंजक भाग आहे. जाळीचे छिद्र एक तर उघडे असते किंवा बंद असते. अर्धवट उघडे असा प्रकार नसतो. व्यापारी छपाईत ही अडचण संगणक सोडवतो, कारण तो छायाचित्रातल्या छटांचे लहान-मोठ्या ठिपक्यांच्या नियमित जाळ्यात रूपांतर करतो. हाताने काम करणाऱ्याला छटा स्वतःच ठिपक्यांत फोडावी लागते. त्यासाठी खरखरीत पृष्ठभागाची फिल्म मिळते. तिच्यावर तेलकट लिथो क्रेयॉन किंवा काचेवर लिहिण्याची मेणाची पेन्सिल फिरवली की रंग फक्त उंचवट्यांना लागतो आणि डोळ्याला करडी दिसणारी जागा खरे तर हजारो अपारदर्शक ठिपक्यांची बनते. पातळ केलेली शाई गुळगुळीत फिल्मवर लावली तर ती सपाट करडी वाळते आणि प्रकाशाला अर्धवट वाट देऊन फसवते. खरखरीत फिल्मवर मात्र तीच शाई खोलगट भागांत साचून कणीदार वाळते. कोरडा ब्रश, टूथब्रशने उडवलेले शिंतोडे, फिल्मवरचे काळे ब्लेडने खरवडून काढलेली रेषा, यांपैकी प्रत्येकाची छाप वेगळी येते, आणि सरावलेल्या नजरेला ती संगणकी ठिपक्यांपासून लगेच वेगळी ओळखू येते.

फिल्म आणि प्रकाश यांना वगळूनही स्क्रीन करता येतो. जुन्या पद्धतीत तेलकट शाईने थेट जाळीवर चित्र काढतात, वरून सरस पसरून वाळवतात, आणि मग केरोसीनने ती शाई विरघळवतात. सरस राहतो, चित्राची जागा मोकळी होते. वर्तमानपत्राचा कागद कापून जाळीखाली लावला तरी काही प्रती निघतात. या पद्धतींतला मोकळेपणा मला आवडतो. पण एकच आकार पुढच्या महिन्यात पुन्हा हवा असेल, तर फिल्मच सोयीची ठरते.

मारबतीच्या चित्राचे गणित

थरांचा विचार कसा करावा लागतो हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीचे चित्र करायचे आहे, असे समजा. त्यात पिवळी मारबत आहे, काळी मारबत आहे, बडगे म्हणजे सोबतचे इतर पुतळे आहेत, पावसाळी आभाळ, दोन-चार झाडे आणि रस्ताभर माणसे आहेत. रंगपेटीने हे काढायचे तर दहा-बारा रंग लागतील. स्क्रीनवर तीन पारदर्शक शाया पुरतात : पिवळी, किरमिजी आणि निळी. शाईत रंगद्रव्य थोडे आणि पारदर्शक बेस अधिक ठेवला, की वरच्या थरातून खालचा थर दिसतो आणि दोघांचा मिळून तिसराच रंग तयार होतो. तीन थरांपासून एकेकटे तीन रंग मिळतात, दोन-दोनच्या जोड्यांतून आणखी तीन मिळतात आणि तिन्ही एकत्र आले तेथे एक मिळतो; असे सात रंग झाले, आणि कोऱ्या कागदाचा पांढरा धरला तर आठ. चौथा पारदर्शक थर वाढवला तर हीच संख्या कागदासह सोळावर जाते.

आता पिवळ्याची फिल्म रेखाटायला बसलेल्या चित्रकाराच्या डोक्यात काय काय असावे लागते ते पाहा. पिवळी मारबत तर त्या फिल्मवर हवीच. पण झाडेही हवीत, कारण हिरवा रंग वेगळा छापायचा नाही, तो पिवळ्यावर निळा आल्यावर होणार आहे. केशरी फेटे हवेत, कारण ते पिवळ्यावर किरमिजी आल्यावर होतील. आणि काळी मारबतही तिथे हवी! काळी शाई या चित्रात नाहीच. तिन्ही थर जिथे एकमेकांवर बसतील तिथे एक गडद, किंचित तपकिरी झाक असलेला काळा तयार होईल, आणि माझ्या मते तो डब्यातल्या काळ्यापेक्षा अधिक जिवंत दिसतो, कारण त्याच्या कडांना खालचे रंग थोडेसे डोकावत राहतात. या काळ्या मारबतीचे डोळे वटारलेले दाखवायचे, तर तेवढी जागा तिन्ही फिल्मवर आठवणीने मोकळी सोडावी लागेल. आभाळ फक्त निळ्या फिल्मवर येईल. म्हणजे प्रत्येक फिल्मवर एका रंगाचे नव्हे, तर त्या रंगातून पुढे जे जे होणार आहे त्या सगळ्याचे रेखाटन असते, आणि तेही काळ्या शाईत.

कागदावर हे सगळे उतरताना अंदाज थोडेफार चुकतात, आणि बहुधा तिथेच चित्र सुधारते. पिवळा आणि किरमिजी छापून झाल्यावर कागद भिंतीला लावून पाहिला, तर कधी गर्दी अपेक्षेपेक्षा जड वाटते आणि चित्रकार निळ्याची फिल्म नव्याने रेखाटतो. कधी एखादा न ठरवलेला जांभळा इतका चांगला जमतो, की त्याच्यासाठी आणखी एक फिकट थर वाढवला जातो. साधारणपणे फिकट रंगाकडून गडदाकडे जातात, पण हा नियम पक्का नाही. शेवटी अपारदर्शक पांढऱ्याचा एक थर देऊन पावसात चमकणारा रस्ता वर काढता येतो. काहीजण फिल्म न वापरता एकाच स्क्रीनची छिद्रे टप्प्याटप्प्याने बुजवत जातात आणि प्रत्येक टप्प्यावर पुढचा रंग छापतात. त्या पद्धतीत मागे फिरता येत नाही, कारण आधीचा आकार स्क्रीनवर उरलेलाच नसतो.

थर जुळवणे, आणि कूलरचा प्रश्न

छापताना स्क्रीन कागदाला टेकलेला नसतो. दोघांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवतात. शाई आधी जाळीभर हलकेच पसरवून घेतात आणि मग रबरी पट्टीची स्क्वीजी कलती धरून एका दाबात ओढतात. स्क्वीजीखालची जाळी तेवढ्यापुरती कागदाला लागते आणि पट्टी पुढे जाताच सुटते, म्हणून कडा स्वच्छ येते. फट नसेल तर जाळी कागदाला चिकटून राहते आणि शाई फिसकटते.

प्रत्येक थराला प्रत्येक कागद त्याच जागी बसला पाहिजे. त्यासाठी टेबलावर लांब बाजूला दोन आणि आखूड बाजूला एक असे तीन थांबे चिकटवतात आणि कागदाचा तोच कोपरा दर वेळी त्यांना टेकवतात. कागदाच्या कडा सर्व थर होईपर्यंत कापत नाहीत. नवा स्क्रीन जुळवायला टेबलाच्या कडेला बिजागरीसारखी चिकटवलेली पारदर्शक शीट कामी येते : तिच्यावर नवा थर छापायचा, तिच्याखाली आधीचा कागद सरकवून दोन्ही आकार जुळवायचे आणि तिथे थांबे लावायचे. तरीही केसभर फरक पडतोच, म्हणून फिल्म रेखाटतानाच फिकट रंग गडदाच्या खाली अर्धा-एक मिलिमीटर आत सरकवून ठेवतात. तसे केले नाही, तर दोन रंगांमध्ये कागदाची पांढरी रेघ डोकावते.

इथे नागपूरचे हवामान मध्ये येते. सुती लगद्याचा 250 ते 300 जीएसएमचा (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) चांगला कागद हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. 50 सेंटिमीटर रुंदीचा कागद केवळ 0.2 टक्के वाढला तरी एक मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे फिल्मवर ठेवलेली सगळी सवलत तिथेच संपते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेला की पाण्यावर आधारित शाई जाळीतच वाळू लागते आणि बारीक रेषा एकेक करून बंद होतात. यावर नागपूरकर जो उपाय सर्वांत आधी करील, तो म्हणजे कूलर. कूलरने शाई ओली राहते हे खरे, पण तो खोलीत ओलावा भरतो, कागद फुगतो, आणि सकाळी कूलर बंद असताना छापलेल्या पिवळ्यावर दुपारी कूलर चालू असताना छापलेला किरमिजी बसत नाही. यातून वाट काढायची, तर हवा कशीही असो, ती सर्व थरांना एकसारखी ठेवावी. कूलर लावायचा तर पहिल्या थरापासून शेवटच्यापर्यंत लावावा आणि कागद आदल्या रात्रीच त्या खोलीत पसरून ठेवावेत. शाईत वाळणे लांबवणारा रिटार्डर घालावा, आणि दोन कागदांच्या मधल्या वेळात जाळीवर शाई पसरलेली राहू द्यावी. पावसाळ्यात उलटी पंचाईत होते : इमल्शन वरून वाळलेले वाटते आणि आतून ओले राहते, आणि असे इमल्शन प्रकाशाने नीट कडक होत नाही. निवड हातात असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ अशा कामासाठी ठेवावा.

घरी काम करू पाहणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. जुन्या छपाईत इमल्शनला प्रकाशसंवेदी करण्यासाठी बायक्रोमेट वापरण्याची पद्धत आहे. त्यातील क्रोमियम कर्करोगकारक असते आणि त्वचेलाही घातक असते. डायझो किंवा तयार फोटोपॉलिमर इमल्शन थोडे महाग पडते, पण तेच घ्यावे. थिनरच्या शायांऐवजी पाण्याच्या शाया वापराव्यात, आणि हातमोज्यांचा आळस करू नये.

7/30 चा अर्थ

छपाई संपल्यावर चित्रकार सर्व कागद शेजारी मांडून निवड करतो. तीस चांगल्या प्रती हव्या असतील, तर सुरुवात चाळीसच्या आसपास कागदांनी करणे शहाणपणाचे असते, कारण प्रत्येक थराला एखाददुसरा कागद वाया जातो. निवडलेल्या प्रतींवर खाली पेन्सिलीने क्रमांक, शीर्षक आणि सही येते. 7/30 म्हणजे तीस प्रतींच्या संचातील सातवी. सातवी प्रत विसाव्या प्रतीपेक्षा सरस असते असे मात्र नाही, कारण थरागणिक वाळत घालताना कागदांचा क्रम बदलतच असतो. पहिल्या क्रमांकासाठी जास्त पैसे मोजणे ही निव्वळ हौस आहे. संचाबाहेरच्या, चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या मोजक्या प्रतींवर ए.पी. (आर्टिस्ट्स प्रूफ) असे लिहितात, आणि त्या साधारण संचाच्या दहा टक्क्यांच्या आत असाव्यात असा संकेत आहे. त्यानंतर स्क्रीनवरचे इमल्शन काढून टाकले जाते आणि जाळी पुढच्या चित्रासाठी मोकळी होते.

यापेक्षा वेगळा एक प्रकार बाजारात याच नावांनी विकला जातो आणि तिथे सावध राहावे लागते. आधी कॅनव्हासवर तैलचित्र काढायचे आणि मग त्याच्या रंगीत प्रती काढायच्या, याला पुनर्मुद्रण म्हणतात. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या शिळाछापखान्यातून घरोघरी पोहोचलेली देवादिकांची चित्रे अशीच पुनर्मुद्रणे होती. त्यांचे मोल वेगळे आणि मोठे आहे, पण तिथे मूळ चित्र स्वतंत्रपणे अस्तित्वात होते. आजही नामवंतांच्या चित्रांच्या अनेक रंगांत काढलेल्या प्रती सहीनिशी ‘सेरिग्राफ’ म्हणून विकल्या जातात आणि संगणकी प्रिंटवरही क्रमांक घातले जातात. व्हिएन्ना येथे 1960 मध्ये भरलेल्या कलावंतांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मूळ मुद्राचित्राचा, म्हणजे छापून घडवलेल्या चित्राचा, निकष ठरवताना भर दिला तो याच मुद्द्यावर : ज्यावरून छपाई होते ती प्रतिमा चित्रकाराने स्वतः घडवलेली असावी. स्क्वीजी ओढायला त्याने मदतनीस घेतला, तर मला त्यात काही वावगे दिसत नाही. फिल्मवरची रेषा कोणाची, हे महत्त्वाचे.

विकत घेताना हे ओळखण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग खिशात असावे. संगणकी किंवा ऑफसेट प्रिंटमध्ये भिंगाखाली सगळीकडे त्याच चार-सहा शायांचे सूक्ष्म ठिपके दिसतात. हाताने केलेल्या स्क्रीनप्रिंटमध्ये सलग रंगाचे सपाट पट्टे, क्रेयॉनची वेडीवाकडी कणी आणि दोन रंगांच्या सीमेवर एकावर एक चढलेले थर दिसतात. कागद उजेडाकडे तिरका धरला, तर जाड थराची कड थोडी उंच आणि वेगळ्या चमकेची जाणवते. एवढ्यावर समाधान झाले नाही, तर विक्रेत्याला विचारावे की या चित्राचे किती स्क्रीन झाले, फिल्म कोणी रेखाटल्या आणि हेच चित्र कॅनव्हासवर कुठे आहे का. चित्रकाराने स्वतः काम केले असेल, तर तो बहुधा कोणता थर कोणत्या थरावर आला हे बोटाने दाखवत सांगू लागतो.